लोळलेल्या गव्हाचा चीक

पंजाब, १० ऑक्टोबर १९७४

सौ. शालूस सयाजीचा छावणीतनं रामराम.

मी खुशाल हाय. आबांचा खोकला थांबला का?

गेल्या साली भर वाऱ्यात बांधाशेजारच्या नाथाजीनं पाट फोडून रानात पाणी सोडलं आन् आपला ओंब्यावर आलेला गहू लोळवला. वर कुरडयांच्या वक्ताला त्याची रंगूबाई चारचौघींत म्हणाली, "ह्यांच्या गव्हाला चीक कुठला?" तू लिवलंस तवापास्नं मला घास गोड लागत न्हाई.

हितं शेतकी कॉलेजच्या रानात एक औषध फवारत्यात. त्यानं गहू बुटका, जाड काडीचा होतो आन् वाऱ्यात पडत न्हाई. उभ्या गव्हाचा दाणा भरतो, चीक दाट निघतो. माझ्या पलटणीतला जोतिबा सुट्टीवर गावाकडं येतोय, त्याच्यासंगं बाटली धाडतोय. गहू गुडघ्याखाली असतानाच फवार. तोंडाला पदर बांध, मला त्याचीच काळजी हाय.

तुला फवारताना बघून नाथाजी औषध मागंलच. दे त्याला. कवा फवारायचं इचारलं तर सांग, ओंब्या निसवून भायेर आल्यावर. तवा फवारलं काय आन् नुसतं पाणी मारलं काय, सारखंच.

त्याचा गहू लोळला, की आपल्या कुरडया पयल्यांदा रंगूबाईच्या ताटात वाढ.

आबांना दंडवत.

तुजा सयाजी

ता. क. तेल चांगलं कडक तापव. कुरडई ताटभर फुलली पायजे.