वाकड्या गजाची खिडकी

२ मे
दत्त्या, हे कधी ना कधी तूच वाचणार हायस. आधी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घे, सगळ्या घरात शोधत बसू नको. सकाळी बोललेलं तू दुपारी इसरतोस, म्हणून तारीख घालून ठेवते. मला अक्षर येत न्हाई, तुझी पोरगी लिहिती. सुट्टीला आलीय, तिला तेवढंच काम.
तर आज तू म्हणालास, "आई, पुढच्या भिंतीची खिडकी तुझ्या पसंतीची." लिहिलं का गं पिंके? खाली रेघ मार.

४ मे
बीडहून खिडकीवाला आला. मोबाइलवर फोटो. कमानीची. वर अर्धा चंद्र असलेली. पत्रा कापून काढलेला मोर, तो आमच्या म्हशीएवढा. विचारलं, "हा पावसाळ्यात नाचतो का?" खिडकीवाला हसला, दत्त्या न्हाई.
मी साधी सांगितली. दोन झडपा, उभे गज, आता हाय तशीच.
"आई, पिंकीला बघायला लोक येणार. रस्त्यावरनंच घराचा अंदाज घेतात."
पोरीला बघायला येणार का खिडकीला?
(मला कुणी बघायला येणार नाहीये. मला अजून शिकायचंय. – पिं.)
तेबी लिहिलंस. बरं केलंस.

७ मे
जुनी खिडकी काढली. मधल्या गजावर बोट ठेवून दत्त्या खिडकीवाल्याला म्हणतो, "हा कुण्या येड्यानं वाकवला काय माहीत. भंगारात टाका."
बोलले असते तर लई बोलले असते.
चौकट गोठ्यात ठेवायला लावली. भंगारवाल्यानं आधी मला उचलावं, मग तिला.

९ मे
काच बसली. अख्खी एकच, न उघडणारी, काळसर, आरशासारखी. बाहेरून खालच्या बाजूला मोराची जाळी. पसंती माझी म्हणे.
वारा बंद. कूलर आणतो म्हणतोय. कूलर काय जैतूनच्या घरचं सांगणार हाय मला?
समोरच्या घरची जैतून. गुडघे गेल्यापासून मी पायऱ्या उतरत न्हाई, दार पार मागच्या गल्लीला, आणि तिला दमा. मग रस्ता ओलांडून ती खिडकीशी यायची. वाकड्या गजातून तिची वाटी आत, माझी बाहेर. तिचा चिंच-डाळीचा दालचा, माझी येसराची आमटी. रिकामी वाटी दोघींनीबी कधी परत दिली न्हाई.
आता काचेतनं काय देऊ, आशीर्वाद?

१२ मे
दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत न्हाई, स्वतःचंच तोंड दिसतं. पोरं गाडी थांबवून भांग पाडतात. एकानं दात कोरले, माझ्या नाकासमोर. निवडणुकीला उभा राहणारा एकजण हात जोडायची तालीम करून गेला. लई वेळ जोडले. मी आतनं मान हलवली, मत न्हाई.
दिवेलागणीला उलटं. आत दिवा लागला की मला रस्ता दिसत न्हाई, रस्त्याला मी दिसते. सगळं तेलगाव माझा घास बघतंय.
दत्त्या म्हणतो, "पडदा लावू."
मग खिडकी कावून लावली?

१४ मे
सकाळी जैतून आली. हातात झाकलेली वाटी. काचेसमोर उभी. तिला मी दिसेना, मला तिच्या डोळ्यांतला सुरमासुद्धा दिसतोय. "गोदाक्का" म्हणली असावी, ओठ हलले. मी काच वाजवली. तिला ऐकू कमी. तिनं काचेत स्वतःलाच बघितलं, पदर सारखा केला, थोडी थांबली, आणि...
भरलेली वाटी परत गेली. तिला वाटलं असणार, गोदा नव्या खिडकीनं मोठी झाली.
रागानं जेवले न्हाई.
पिंके, खरं लिही. एक भाकरी खाल्ली. तीबी रागानंच.

१५ मे
दत्त्याला गोठ्यातनं चौकट आणायला लावली. म्हणलं, "घाल डोकं त्या गजात."
"आई, काय लावलंय हे?"
"लहान होतास. जैतूनच्या हातातली गुळपोळी दिसली, घातलंस डोकं. निघंना. तिनं तुझ्या कानांना करडीचं तेल चोळलं, तुझ्या बापानं पहार घालून गज वाकवला. तो येडा तुझा बाप."
दत्त्याचा हात आपोआप कानाकडं गेला. मग म्हणला, "ती काच आता कापता येत न्हाई." मग म्हणला, "बघू."
बघूला तारीख नसती. तरी तू घाल, पिंके. रेघबी मार.

१७ मे
खिडकीवाला फोन उचलत न्हाई म्हणे. चौकट परत गोठ्यात.
पण सकाळी दत्त्या काचेबाहेर उभा दिसला. भांग पाडत नव्हता. मोराच्या जाळीत हात घालून काच ढकलून बघत होता. मनगट अडकलं. काढायला लई वेळ लागला. मी आतनं बघत होते, तेल दिलं न्हाई.
राग गेलेला न्हाई. लिही तसं.
आणि आता वही ठेव, जैतूनकडं जा. म्हणावं, गोदा रुसली न्हाई, काचेआड हाय. उद्या दुधीचा दालचा कर, दत्त्याचा जीव हाय त्याच्यावर. मागच्या दारानं येऊ नको. खिडकीशीच उभी राहा आणि त्यालाच हाक मार, तो आल्याबिगर हलू नको. दालचा वाटीत नको, पातेल्यात आण, काचेतनं आत कसा घ्यायचा ते त्यालाच इचार. पातेलं दत्त्याच्या डोक्याएवढं असू दे.