मेडिसिनल लाडू

समारा (रशिया), ८ सप्टेंबर २०२४

ती. इंदूमावशीस,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोन सारखा तुटतो म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे हातानं लिहून, फोटो काढून ई-मेलनं पाठवते आहे. फक्रुद्दीनभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेशील तेव्हा त्यांना आणि बानूचाचींना सलाम सांग.

होस्टेल सोडलं. तिथल्या गोंधळात मेडिकलच्या पाचव्या वर्षाचा अभ्यास होईना. गालिना नावाच्या बाईंच्या घरी एक खोली मिळाली आहे. त्या ट्राम चालवतात. नवरा नाही, तेरा वर्षांची एक मुलगी आहे, वार्या. ती बर्फावरचं फिगर स्केटिंग करते. रिंकवरून घरी आली तरी तिचं थांबत नाही. स्वयंपाकघरात मोजे घालून गिरक्या घेते. परवा माझं वरणाचं पातेलं तिच्या लाथेनं उडालं. गालिनांनी फरशी पुसली, पण मुलीला एक शब्द बोलल्या नाहीत. पडली की हात द्यायचा नाही आणि चुकली की बोलायचं नाही, असा या घरातला नियम आहे म्हणे.

माझ्या टेबलावरचा तुझा फोटो बघून वार्यानं विचारलं की ही रागीट बाई कोण? मी सांगितलं, आई गेल्यावर मला सांभाळणारी माझी मावशी. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाली, पण ते अजून तिला कुणी कळवलेलं नाही.

वार्याचा एक व्हिडिओ पाठवते आहे, बघ.

रागासकट तुझा सगळा लोभ हवा आहे.
तुझी, मोनिका

*

नगर, १५ सप्टेंबर २०२४

चि. मोनिकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका आहेत. सहा तुझ्या, एक फक्रुद्दीनभाईंच्या प्रिंटरनं कागद खाल्ल्यामुळे.

व्हिडिओ त्यांच्या दुकानातल्या मोठ्या पडद्यावर चार वेळा पाहिला. बानूनं उडीच्या वेळी चारही वेळा डोळे मिटले आणि नंतर मला विचारलं की आपा, उतरली का नीट? काडीसारखी पोर, पण मान कशी धरते! आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट डोक्यावर तीन पुस्तकं ठेवून व्हरांड्यात चालायला लावत. त्यात पास झालेली मुलगी मी आज पाहिली.

तिला इंग्रजी येतं का? नसेल तर दर पत्रात मी एक वाक्य पाठवीन, ते तिच्याकडून पाठ करून घे. पहिलं वाक्य, ‘आय फेल, बट आय गॉट अप.’ ‘गॉट’मधला ‘ट’ ऐकू आला पाहिजे. पोपटासारखं म्हणू देऊ नकोस. ज्याचा अर्थ कळत नाही ते बोलायचं नाही, हा माझ्या वर्गाचा नियम होता, तो समाऱ्यातही लागू आहे.

राधाकृष्णराव सोनईहून कांदे देऊन गेले. तुझी चौकशी करत होते. वडिलांना मुलीची खबर माझ्याकडून घ्यावी लागू नये, त्यांना फोन करत जा.

लोभ आहेच, फक्त शुद्ध लिही.
इंदूमावशी

*

समारा, १२ ऑक्टोबर २०२५

ती. इंदूमावशीस,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

वर्षभरात वार्या कुठल्या कुठे पोचली हे तू व्हिडिओत बघतेसच. मार्चमध्ये विभागात पहिली आली आणि इथल्या सगळ्यात मोठ्या क्लबानं तिला उचललं. आता ती हवेत चार गिरक्या घेऊन उतरते. ट्रामच्या थांब्यावर तिचं पोस्टर लागलं आहे. त्या थांब्यावर उतरणारं कुणी नसलं तरी गालिना घंटा वाजवतात. तुझी पस्तीस वाक्यं तिला तोंडपाठ आहेत, अर्थासकट.

पण मुलगी या वर्षी चार बोटं उंच झाली आहे आणि त्याचा राग तिच्या मास्तरीणबाईंना आहे, जणू तिनं मुद्दाम केलं. उंची वाढली की उडीचा तोल बिघडतो. गुडघे इतके दुखतात की जिना चढताना ती कठडा धरते.

आणखी एक. क्लबच्या डॉक्टरीणबाई रोज सकाळी नऊ मुलींना रांगेत उभं करून प्रत्येकीच्या तळहातावर एक पिवळी गोळी ठेवतात. मी एकदा सोबत गेले होते, तेव्हा पाहिलं. गोळ्या सुट्या, कागदाच्या पुडीत, नाव नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, हृदयाला ताकद येते, आणि विद्यार्थ्यांनी आपला अभ्यास करावा. त्या आमच्या कॉलेजातही शिकवतात, म्हणून मी गप्प बसले.

तुझ्या डिंकाच्या लाडवांबद्दल वार्याला सांगितलं. तिला हवे आहेत. पाठवशील?

इकडे थंडी पडली आहे. तुझ्या मायेची ऊब येऊ दे.
तुझी, मोनिका

*

अहिल्यानगर, २६ ऑक्टोबर २०२५
(नवं नाव लिहिलं आहे, तोंडात मात्र अजून नगरच येतं.)

चि. मोनिकास अनेक आशीर्वाद.

लाडू काल रवाना झाले. चोवीस आहेत. डिंक कोपरगावहून मागवला, खारीक बानूनं कुटली, तूप घरचं. खसखस मुद्दाम घातली नाही, परदेशात अडवतात म्हणतात.

पोस्टात पार्सलाबरोबर फॉर्म भरावा लागतो, आत काय आहे ते इंग्रजीत. काउंटरवरच्या कडूबाई म्हणाल्या की मॅडम, नुसतं स्वीट्स लिहून टाका, सगळे तेच लिहितात. मी सांगितलं, मी सगळे नाही. बर्फी पाठवत असते तर स्वीट्स लिहिलं असतं. म्हणून स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘मेडिसिनल लाडूज फॉर द जॉइंट्स ऑफ अ ग्रोइंग गर्ल.’ कडूबाईंनी कपाळाला हात लावला. लावू देत. सरकारी कागदावर अर्धवट लिहिणं माझ्यानं होत नाही.

आता त्या पिवळ्या गोळीचं. तू गप्प बसलीस हे मला मुळीच आवडलेलं नाही. आठ महिन्यांत डॉक्टर होशील आणि तुझ्यासमोर पोरींच्या हातावर बिननावाची गोळी ठेवतात? नाव विचार. सांगितलं नाही तर गालिनाला सांग.

पोरीला रोज एकच लाडू दे, दुधाबरोबर. माया आहेच, ती मोजून वाढत नाही.
इंदूमावशी

*

समारा, २१ डिसेंबर २०२५

ती. इंदूमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुवर्ण! देशाच्या ज्युनिअर स्पर्धेत आपली वार्या पहिली! गालिना ट्राम सोडून जाऊ शकल्या नाहीत, शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करून फोनवर पाहत होत्या. प्रवासीही उतरेनात म्हणे.

लाडू वेळेत पोचले. वार्यानं अर्धा खाल्ला आणि डोळे मिटून बोटं चाटत बसली. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. साखर, तूप बघून डबाच उचलून माझ्या हातात दिला आणि पोरीला ताकीद दिली. तेव्हा उरलेले साडेतेवीस मी खाल्ले, रागावू नकोस. गुडघे माझेही दुखतात.

गोळीचं नाव अजून विचारलं नाही. परीक्षा झाली की विचारते.

आनंदात आहे, तूही तिथं पेढे वाट.
तुझी, मोनिका

*

अहिल्यानगर, १८ जानेवारी २०२६

कु. मोनिका हिस,
स. न. वि. वि.

मला परवा रशियाहून एक ई-मेल आला. इंग्रजीत. तुझं पत्र असेल म्हणून फक्रुद्दीनभाईंनी नेहमीप्रमाणे छापायला घेतला, छापता छापता वाचला आणि नेहमीच्या थट्टेशिवाय कागद माझ्या हातात दिला. म्हणजे ही बातमी माझ्याआधी झेरॉक्सच्या दुकानाला कळली.

खेळाडूंची औषधतपासणी करणाऱ्या समितीनं कळवलं आहे की स्पर्धेच्या दिवशी घेतलेल्या तपासणीत वार्याच्या अंगात हृदयविकाराचं, खेळाडूंना बंदी असलेलं औषध सापडलं. आणि ते कुठून आलं, तर अहिल्यानगरच्या इंदुमतीबाईंच्या लाडवांतून! सोबत माझा पोस्टाचा फॉर्म आहे, ‘मेडिसिनल’खाली लाल रेघ. आणि त्याच्याखाली तुझ्या सहीचं निवेदन, त्यात तू म्हणतेस: माझी मावशी हृदयरोगी आहे, ती आपल्या गोळ्या स्वयंपाकघरात खलबत्त्यात कुटून घेते, त्याच खलबत्त्यात लाडवांची खारीक कुटली असावी.

मोनिका, मला हृदयरोग कधी झाला? बानू काल येऊन रडली. म्हणाली, आपा, एवढा आजार आणि मला सांगितलं नाहीत? खारीक तिच्या खलबत्त्यात तिनं कुटली होती. आता तिला वाटतंय की तिच्याच हातून काही गेलं. मी तिला काय सांगू? की माझ्या भाचीनं लिहून दिलं आहे म्हणून?

अर्धा लाडू! अर्ध्या लाडवात मी असं काय घातलं होतं की ते सुवर्णपदकापर्यंत पुरलं?

वार्याची क्लिपही पाहिली. समोर माइक, डोळ्यांत पाणी, आणि इंग्रजीत म्हणते, ‘माय इंडियन ग्रॅनी सेंट मी मेडिसिन स्वीट्स.’ चौतीस वर्षं मी मुलींची पाठांतरं ऐकली आहेत. घोकवून घेतलेलं वाक्य मला दुसऱ्या शब्दाला कळतं. ‘सेंट’चा शेवटचा ‘ट’ मात्र तिनं नीट म्हटला. तो मी शिकवला होता.

खरं काय ते लिही.
इंदुमती

*

समारा, २५ जानेवारी २०२६

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

‘चि.’ खोडून तू ‘कु.’ लिहिलंस. पुढचं वाचायला मला एक दिवस लागला.

खरं तुला माहीतच आहे. ती पिवळी गोळीच. पण डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं, पोस्टाचा फॉर्म पुढं ठेवला आणि म्हणाल्या, हे बघ, तुझ्या मावशीनं स्वतःच लिहिलं आहे. निवेदन तयारच होतं. जूनमधली माझी शेवटची तोंडी परीक्षा त्याच घेणार आहेत. मी सही केली.

फक्त माझ्यासाठी नाही गं. चुकून खाण्यातून गेलं असं ठरलं तर वार्याला ताकीद देऊन सोडतील. नाहीतर दोन वर्षं बंदी. दोन वर्षांनी ती सतरा वर्षांची होईल, या खेळात ते म्हातारपण आहे. गालिना माझ्या पाया पडल्या. ज्या बाई पोरीला पडल्यावर हात देत नाहीत, त्या.

तुला खोटं बोलायला मी सांगत नाही. फक्त उत्तर देऊ नकोस. दहा फेब्रुवारीपर्यंत तुझं काही आलं नाही तर माझं निवेदन ग्राह्य धरणार आहेत. मावशी, तुझं काय जाणार आहे? इथं कुणाला तुझं नाव उच्चारताही येत नाही. आणि नगरमध्ये हे कागद कोण वाचतं?

पोटच्या पोरीसारखं वाढवलंस, एवढं पोटात घाल.
मोनिका

*

अहिल्यानगर, ८ फेब्रुवारी २०२६

मोनिका,

उत्तर काल ई-मेलनं पाठवलं. तुला समितीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. तू मला ती सवलत दिली नव्हतीस.

डॉ. अमृत माझा जुना विद्यार्थी. त्यानं छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं आणि लिहून दिलं की बाईंना हृदयविकार नाही, त्या कसलीही गोळी घेत नाहीत. त्याबरोबर तुझं ऑक्टोबरचं पत्र जोडलं, नऊ मुलींची रांग असलेलं. खाली माझं इंग्रजी भाषांतर, शब्दाला शब्द. डिसेंबरचंही जोडलं, अर्ध्या लाडवाचं. ‘अक्षर माझं नाही’ असं तुला म्हणता येणार नाही, ते मीच तुझ्याकडून गिरवून घेतलं आहे.

राधाकृष्णरावांचा सोनईहून फोन आला होता. म्हणाले, आक्का, पोरीचं शेवटचं वरीस हाय, तुमी गप बसला तर कुनाचं काय बिघडतंय? मी विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं? म्हणाले, संक्रांतीच्या आदी. म्हणजे संक्रांतीला तू मला शुभेच्छा पाठवल्यास तेव्हा तुम्हा दोघांना सगळं ठाऊक होतं, आणि मी इथं बानूच्या हातात तिळगूळ ठेवत होते.

पाठवण्याआधी तीन दिवस मी ते कागद टेबलावर ठेवले होते. तुझं वर्ष माझ्या डोळ्यांपुढं होतं. सहा वर्षं तुला तिकडे ठेवण्यासाठी मी जे केलं ते मला कुणी मोजून दाखवायला नको. आणि वार्याची दोन वर्षंही होती. मी दगड नाही. पण लाडवांवर शिक्का बसला की चौकशी संपली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या आठ मुली रांगेत उभ्या राहणार, हात पुढं करणार, आणि त्या बाई पुडी उघडणार. त्यांतल्या एकीचं खरंच हृदय बंद पडलं तर तेव्हा कुणाच्या मावशीचे लाडू शोधणार आहात?

आणि माझं काय जाणार, असं तू विचारलंस. बानूच्या घरी काल मी चहा घेतला. आपल्या हातून पुन्हा काही जाईल या भीतीनं तिनं कप तीनदा धुतला. माझं हे गेलं.

वार्याला मी रागावलेली नाही असं सांगू नकोस. रागावले आहे. पण तिच्यावर रागवायची पाळी चार मोठ्या माणसांनंतर येते, आणि त्यांत पहिली तू आहेस. तुला त्या गोळ्यांचं माहीत होतं आणि तुला मीही माहीत होते.

परीक्षा घेतील किंवा घेणार नाहीत, तू घरी येशील. ये. दार मी उघडेन, जेवायला वाढेन, तुझ्या खोलीला रंग द्यायचा तो देऊन ठेवते. पण इथून पुढं मला पत्र पाठवू नकोस. आता तुझं अक्षर दिसलं की आधी मनात येईल, हे कुणी लिहून घेतलं असेल? जे सांगायचं असेल ते समोर बसून सांग. तोंड बघितल्याशिवाय तुझा एकही शब्द मी यापुढं खरा मानणार नाही.

इंदुमती