भागवतराव, मी नवरदेव न्हाई

कुरुंदा,
मुक्काम हळदीच्या कुकरापाशी

भागवतराव यांस दाजीचा रामराम.

तिकडं नरसीला सगळे खुशाल असाल, म्हशीचा पाय बरा झाला असंल आणि तुमचा राग थोडा उतरला असंल, असं धरून लिहायला बसलो. फोन तुमी उचलून न्हाई राहिले. पोरं म्हणतात, ब्लॉक केलं. लग्नघरात माणसाला दम नसतो हे कबूल, पण सख्ख्या दाजीला ब्लॉक? आणि 'लेकीच्या, प्रतिक्षाच्या लग्नाला येऊ नका' हा निरोप गड्याच्या हाती काहून पाठवला? (त्यानं तो पारावर चारचौघांत सांगितला. बराबर पाठ करून आला होता.)

तर पहिली गोष्ट, मी दुसरं लग्न करून न्हाई राहिलो. मनात आलं तरी जमणार न्हाई, हळद शिजवायचा हंगाम आहे, मला धड आंघोळीला फुरसत न्हाई. झालं असं की माझा टोचा वाकला. टोचा म्हणजे हातभर लोखंडी सळई. शिजत्या हळकुंडात ती लोण्यात गेल्यावाणी गेली की मग वाफ बंद करायची. हळद कच्ची राहिली तर वाळताना बिघडते, जास्ती शिजली तर रंग जातो. तर तो टोचा सरळ करायला मी हिंगोलीला लोहाराकडं गेलो. शहरात जायचं म्हणून तुमच्या बहिणीनं पाडव्याला घेतलेले कोरे पांढरे कपडे घातले. हात कोपरापर्यंत पिवळे, मान पिवळी. ते काही निघत न्हाई, साबण थकतो. येताना कुकराला बांधायला लिंबं घेतली. स्टँडावर ही गर्दी! टोचा कोणाच्या पोटात घुसू नये म्हणून टोकाला एक लिंबू खोचलं. आता तुमीच सांगा, ह्यात माझी अक्कल दिसते का नवरदेवपणा?

पण तुमच्या शेजारच्या मिराबाईंना नवरदेव दिसला. अंग पिवळं, कपडे कोरे, हातात लिंबू खोचलेली कट्यार! बाई भर स्टँडावर कडाडल्या, हळद लागलेल्या माणसानं एकट्यानं शीव ओलांडू न्हाई, करवला कुठंय तुमचा? मी आपला चेष्टेनं म्हणलो, "मावशी, मला तर दरसाली लागते." (जीभ माझी, दुसरं काय.) बाईंनी पदर तोंडाला लावला आणि मागं न बघता नरसीच्या गाडीत चढल्या. मी कुरुंद्याला उतरायच्या आत तुमचा फोन तुमच्या बहिणीला, द्वारकाला येऊन गेला होता. तव्हापासून ती ताट वाढते, पण बोलून न्हाई राहिली. खरं सांगतो, घर खायला उठतंय.

ते मी सोसंन. पण तुमी तिला म्हणालात की उकडाउकडी करणाऱ्याला कशाची लाज! हे मात्र मी खाली मान घालून ऐकणार न्हाई. अहो, अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे गल्लोगल्ली आहेत, मी पोत्यापोत्यानं झालेला माणूस आहे. माझ्या हातचं हळकुंड मोंढ्यात व्यापारी मोडून दाखवतात, आतून कसं केशरी निघतं! शेतकऱ्याचं सालभराचं पीक माझ्या कुकराच्या ड्रममध्ये असतं, आणि आजवर एकाचंही मी नासवलं न्हाई. पहाटे वाफ सुटून वास शिवारभर गेला की मनात येतं, ही हळद आता कुठल्या देवाचा भंडारा होईल, कुठल्या पोरीच्या गालाला लागंल. कुठंतरी मांडव पडलाय आणि तो माझ्यावाचून अडलाय, असं वाटून जोर येतो. अभिमान वाटतो, लई वाटतो, आणि काहून वाटू नये?

असो. थोरामोठ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, मिराबाईंना काहीच न्हाई.

तुमचा दाजी, एकाच बायकोचा नवरा,
सटवाजी

ता. क. खरं काम हे, की यंदाच्या पहिल्या ड्रममधली लांब, सरळ हळकुंडं मी प्रतिक्षासाठी निवडून ठेवलीत. उन्हात रोज हातानं उलटली. लहानपणी मांडीवर बसून ती म्हणायची, मामा, माझ्या लग्नाची हळद तुमीच शिजवा. मी व्हय म्हणलो होतो. मला बोलवू नका, पण हळद घ्या, भागवतराव. बाजारची पुडी पोरीला लावू नका.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आत द्वारकानं पत्र ओढून घेतलं आणि चष्मा लावून सगळं वाचलं. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो: "भागवत, पोरीची हळद दळायचा मान आत्याचा. आमी दोघंबी येऊन राहिलो, जातं धुऊन ठेव." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "रुसले मी, अन् एवढं मोठं पत्र त्याला काहून?" तवा तुमी वाचून झालं की हे पत्र तेवढं परत पाठवा. ती म्हणते, ते तिचं आहे.