बोर्डाची तालीम

प्रिय पंचशीलास,
आईचा सप्रेम जयभीम.

मागल्या मंगळवारी लातूरच्या दवाखान्यात जाऊन आले. माझा उजवा हात किती निकामी आहे ते बोर्डाच्या डॉक्टरांनी बघितलं. त्यांच्या कागदावरच सरकारचा निराधारचा पगार सुरू व्हायचा की नाही ते ठरणार. हे तुला ठाऊकच आहे, दिवाळीला आलीस तेव्हा अर्ज तूच भरून सिद्धरामच्या हातात दिलास. पण त्याआधीचे आठ दिवस माझ्यावर काय गुजरलं ते तुला कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले. डाव्या हाताला वेळ लागतो, तीन दिवस झाले हेच चाललंय. अक्षराला नावं ठेवू नको.

तहसीलीत लोकांच्या फायली हलवत फिरतो तो हा सिद्धराम. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून हुकूम सोडला, मावशी, आजपासून डोक्याला तेल न्हाई, फणी न्हाई, लुगडं धुवायचं न्हाई. म्हणलं का रे बाबा? तर म्हणे, तुम्ही लई नीटनेटक्या दिसता, बोर्डाला दया कशी येईल? शी! अगं, आपल्या वस्तीतली बाई कचेरीत निघाली की धुतलेलं पांढरं लुगडं नेसूनच निघणार, ही तुझ्या आजोबानं छप्पन सालापासून घालून दिलेली रीत. तेव्हा चार घरांत मिळून एकच बरं लुगडं होतं, जिला कचेरीत जायचं तिच्या अंगावर ते जायचं. यंदा टँकर चौथ्या दिवशी येतो, तरी मी कळशीभर पाणी राखून लुगडं धुते. आणि हा मेला मला सांगतो, घाण राहा. राहिले बाई. आठ दिवस राहिले. माझ्याच अंगाच्या वासानं मला घास जाईना.

त्यावर रोज तालीम. सिद्धराम गळ्यात टावेल टाकून डॉक्टर व्हायचा आणि मी समोर फतकल मारून बसायची. केस कोण विंचरतं? नागम्मा. खरं म्हणजे मीच विंचरते, पण म्हणायचं शेजारची नागम्मा. जेवता कशानं? नागम्मा भरवते. लिहिता वाचता येतं? न्हाई साहेब, अडाणी हाय. हात धरला की आई गं म्हणून ओरडायचं, आणि ते ओरडणं त्याला पटेपर्यंत पुन्हा पुन्हा. शेजारच्या बायका कुडावरून बघून हसायच्या. एक दिवस मलाही हसू आलं, तर म्हणे, मावशी, हसायचं काम न्हाई, लातूरला हसलात की पगार गेला. मला वाटलं, पगार गेला चुलीत! पण मग पोटाचा विचार आला. केळीच्या बागेत आता मला कुणी कामाला बोलवत नाही. एका हाताची बाई घड धरणार कशी?

पंचशीला, मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? माझा हात खरोखरच गेलाय. त्यात नाटक करायला लागावं? बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना ट्रॉलीतला धोंडा मनगटावर आला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. सुकडीच्या खाऊची रांग सोडून पळत आलीस आणि माझा हात बघून तिथंच ओकलीस. मुकादमानं बारदान गुंडाळलं आणि आजची हजेरी पूर्ण लावतो बाई म्हणाला, जसं काही मोठा उपकारच. रात्रभर ठणका आणि कंधारच्या वैद्याचा लेप. दोन बोटं काळी पडली ती कायमचीच. एवढं सगळं झालं त्याचा कुठं एक कागद नाही. आणि आता चौदा वर्षांनी माझ्याच हाताची साक्ष मी रडून द्यायची.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, तरी म्हणे निम्मे कागद अजून उस्मानाबादेतच. तीनदा बोर्ड पुढं ढकलला. चौथ्यांदा गेलो, मी, नागम्मा आणि बरोबर सिद्धराम. तिलाही गुडघ्यांसाठी जायचंच होतं. यष्टीत माझ्याजवळ कुणी बसेना. एक बाई नाकाला पदर लावून उठून गेली. मी तिला काय सांगू, बाई गं, मी रोज आंघोळ करणारी आहे म्हणून? दवाखान्यात नळ कोरडे, संडासाचा वास रांगेपर्यंत. रांगेत लंगडे, आंधळे, म्हातारे, आणि ज्याच्या त्याच्या शेजारी एकेक सिद्धराम, कानात पढवत असलेला. कुणी चांगली काठी लपवून मोडकी धरली होती, कुणी चष्मा काढून ठेवलेला. किळस आली मला. त्यांची नाही गं, त्यांच्यात मी शोभून दिसत होते त्याची.

नागम्माचा नंबर आधी लागला. कारकुनानं मोठ्यानं वाचलं, मूलबाळ नाही. मी चाटच पडले. तिला घेऊन आलेली तिची तीन पोरं बाहेर लिंबाखाली बिड्या ओढत उभी होती, आणि आत ही हात जोडून हाव हाव म्हणते! बाहेर आल्यावर मी तिला झापलं, अगं भवाने, जित्या पोरांना मारलंस की! ती म्हणाली, कागदावर कुणी मेलं म्हणून मरतंय का? कमावती पोरं दाखवली की पगार देत न्हाईत, सगळेच असं लिहितात. मी तिला नको नको ते बोलले. म्हणलं, उपाशी राहीन, पण माझ्या पोरीला मी असं पुसणार नाही. तिनं नजर चुकवली आणि पोरांकडं निघून गेली. आता कळतं का ते.

बोर्डापुढं गेले तर डॉक्टर तुझ्याहून थोडाच मोठा. हात दाखवा, मूठ वळा. बोटं वळेनात. टाचणी टोचली, मला कळलं नाही. आई गं म्हणायचं तर विसरलेच. तेवढ्यात त्याचा पेन टेबलावरून गडगडला, आणि मी सवयीनं वाकले, डाव्या हातानं उचलला, पदराला पुसून त्याच्या हातात दिला. दारातल्या सिद्धरामनं कपाळ बडवून घेतलं. डॉक्टरनं पेन घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, त्याच पेनानं साठ टक्के लिहिलं आणि पुढचा माणूस बोलावला. झालं! केस, लुगडं, वास, काहीच त्यानं बघितलं नाही. मग आठ दिवस मी कुणासाठी घाणीत लोळले?

साठ टक्के म्हणजे पगार पक्का, असं म्हणून सिद्धराम खुशीत चहा प्यायला गेला. जाताना फाईल माझ्या मांडीवर टाकली. म्हणाला, उघडू नका, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. मला अडाणी म्हणायला शिकवता शिकवता त्या बाबाला ते खरंच वाटायला लागलं होतं. मी उघडली. वाटलं, आपल्या हाताविषयी काय लिहिलंय ते तरी बघावं. अर्जदार विधवा. बरोबर. जमीन नाही. बरोबर. मूलबाळ, नाही. पहिल्यांदा मला सिद्धरामचाच राग आला. मग अक्षर बघितलं. त्या ‘नाही’मधल्या ह ची शेपटी तू लहानपणापासून डावीकडं वळवतेस. त्याच ह वर बोट ठेवून तू मला पाटीवर डाव्या हातानं गिरवायला लावलं होतंस, दहावीला होतीस तेव्हा. पंचशीला, ती शेपटी मी आंधळी झाले तरी ओळखीन.

तू दुष्टपणानं लिहिलं नसशील. मला पाठवतेस त्या महिन्याच्या मनीऑर्डरीवरून जावई तुला काय काय बोलतात ते दिवाळीला तुझ्या सुजलेल्या डोळ्यांवरून मला कळलं होतं, मी विचारलं नाही एवढंच. नियमच तसा आहे, हेही आता कळलं. पण ज्या दिवसापासून ते वाचलंय त्या दिवसापासून अंगावर चार घागरी ओतल्या तरी घाण जाईना झालीय. अर्ज मी तिथल्या खिडकीत दिला नाही. सिद्धराम बोंबलत राहिला, मी फाईल पदराखाली धरून यष्टीत बसले. तो अर्ज याच पाकिटात घातलाय, महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. त्यावर खोडून तुझं नाव लिहिलंस तर टपालानं पाठव, पगार नाही मिळाला तरी मी रडणार नाही, आणि तुझी मनीऑर्डरही मागणार नाही. पण तसाच ठेवायचा असेल, तर टपालानं पाठवू नको. बिलोलीच्या सासरहून स्वतः घेऊन ये, माझ्यासमोर बस, आणि तो रकाना मला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझीच,
आई