इस्तारीभाऊच्या जाळ्याचे डबे

सरफराज,
हे लिहूच नाई वाटत होतं, कारण वाचून तू जेवणार नाईस. पण दुसऱ्याकडून समजण्यापेक्षा मीच सांगतो.

पेरूच्या बागेतले फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे तू इस्तारीभाऊले दिले ना, जाळ्याले बांधाले? मी म्हटलं होतं, तीनदा धुवून छेद पाड. तू म्हणाला, "छेद पाडला तं तरंगन कसा बे?" तेही खरंच होतं.

आता तळ्यावर गेलो तं इस्तारीभाऊची बायको, रंभावहिनी, त्यातल्याच एका डब्यातून पाणी पिऊन राह्यली होती. म्हणे, "झाकण पक्कं हाये, सांडत नाई." मी डबा हिसकला. आता तिले मळमळून राह्यलं. ऑटोत बसून मलेच शिव्या देऊन राह्यली, म्हणून थोडा धीर हाये. मूल गावच्या दवाखान्यात नेतो. डॉक्टरले औषधाचं नाव दिसावं म्हणून डबा सोबत घेतला.

तू पह्यले तळ्यावर जा. बाकीचे डबे सोडून आण, आपल्या पाण्याच्या बाटल्या बांधून दे. इस्तारीभाऊ चिडले तं ऐकून घे. भात झाकून ठेवला हाये.

डबा कोणी दिला असं विचारलं, तं मी "आम्ही दोघांनी" म्हणीन. तुह्या एकट्याचं नाव माह्या तोंडून निघणार नाई.

मिथुन