फाट्यावरची ट्रॉली

१२ डिसेंबर, गुरुवार

ट्रॉली माझी होती. अजून कुणाला सांगितलेलं नाही. फवारणीच्या वहीत मागच्या पानावर लिहितोय, इथं कुणी बघत नाही.

काल संध्याकाळी शेणखत आणताना फाट्याजवळ चाक पंक्चर झालं. चाक काढून ट्रॅक्टरवर टाकलं, ट्रॉली तिथंच कडेला जॅकवर सोडली. मागचा लाल रिफ्लेक्टर उन्हाळ्यातच फुटलाय. निदान बाभळीची एक फांदी तरी लावायची! म्हटलं, सकाळी लवकर येऊन नेऊ.

साडेसहाला गेलो. धुकं एवढं की ट्रॅक्टरचं बोनेट दिसेना. ट्रॉलीमागं सायकल पडलेली — पुढच्या चाकाचा आठ झालेला. माणूस कुणी नाही. डांबरावर रक्त. मी रात्रीच पंक्चर काढून ठेवलेलं चाक बसवलं. ट्रॉली घेऊन आलो. सायकल तेवढी झाडाला टेकवली.

नऊ वाजता टपरीवर कळलं. ओझरच्या एका दवाखान्यातली नर्स, स्नेहल नावाची. आडगावहून रोज सायकलवर जाते, हायवे नको म्हणून आमच्या गावातून. दूधवाल्यानं गाडीत घालून नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. "कोण नालायक ट्रॉली लावून गेला व्हता?" सायकलवाला हिरामण म्हणाला.

मी चहा प्यायलो.

१३ डिसेंबर

दिवसभर बागेत.

१५ डिसेंबर, रविवार

सायकल हिरामणच्या दुकानात टाकली. "रिम गेली, फोर्क वाकलाय. पण फ्रेम चांगली हाय, होईल," म्हणाला. मग पेरू घेऊन आडगावला गेलो. काय सांगायचं, ते वाटेत चार वेळा ठरवलं. दारात स्नेहलताईंची आई, सुमनबाई. मी म्हटलं, फाट्याजवळच राहतो, सायकल सापडली, दुरुस्तीला टाकलीय. एवढंच!

"देवासारखे आलात हो," म्हणाल्या. हात जोडले. मला तिथं उभं राहवेना.

स्नेहलताई पस्तिशीच्या असतील. पट्ट्यात बांधलेला हात. "सायकल वाचली? मग मीही वाचले," म्हणून हसल्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

सायकल तयार. हिरामण म्हणाला, चालवून बघ. सकाळी सहाला निघालो. वीस-बावीस वर्षांनी सायकलवर बसलो असेन. पारा सात.

बाप रे! पहिल्या पाच मिनिटांत बोटं मेली. ब्रेक दाबतोय की नाही, तेच कळेना. कान दुखायला लागले, डोळ्यांतून पाणी. अंगात जाड स्वेटर, वर जर्किन — तर दोन किलोमीटरवर आत घामाने चिंब आणि थांबल्यावर हुडहुडी. वळणावर दव पडलेलं, त्यावर उसाचं पाचट. पुढचा ब्रेक धरला आणि चाक सटकलं. पडता पडता वाचलो.

आणि पुढे कांदालागणीच्या बायकांना सोडून उभी असलेली कुणाची तरी ट्रॉली. दहा हातांवर येईपर्यंत दिसली नाही! ट्रॅक्टरवरून कधी कळलं नव्हतं. उतरून तिथंच बसलो.

२२ डिसेंबर, रविवार

आडगावला. माझी फजिती ऐकून स्नेहलताई एवढ्या हसल्या की खांदा दुखला.

"नवनाथभाऊ, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नाही वाजली तर समजायचं, कपडे जास्त झालेत."

छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालायचं म्हणे, वारा आत शिरत नाही. लोकरी हातमोज्यांवर आणखी एक ढगळ जोड. ओल्या रस्त्यावर आधी मागचा ब्रेक, हळूहळू. टायरात हवा दगडासारखी ठासायची नाही. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं. सगळं डाव्या हाताने हवेत करून दाखवत होत्या. उजवा बांधलेला.

आज सांगणार होतो. सायकल सध्या तुम्हीच चालवा, नाहीतर गंजेल, म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि निघून आलो. भित्रा!

२६ डिसेंबर

वर्तमानपत्राचा उपाय भारी आहे. पाठ कोरडी, छाती गरम. बागेला रोज सायकलनेच जातोय. चार किलोमीटर. उजाडताना धुक्यातून बाहेर आलं की द्राक्षाच्या वेलींवर ऊन पडलेलं असतं. बरं वाटतं. मग बरं वाटल्याचंच वाईट वाटतं.

३० डिसेंबर, सोमवार

लाल चमकणारी पट्टी आणली. आधी माझ्या ट्रॉलीला, दोन्ही कोपऱ्यांना आणि मधे. मग गावात फिरलो. संध्याकाळपर्यंत सतरा ट्रॉल्या झाल्या. "निवडणुकीला उभा राहतो काय रे?" असं पाच जणांनी विचारलं. पट्टी मात्र सगळ्यांनी लावून घेतली.

१२ जानेवारी, रविवार

स्नेहलताई आज हसल्या नाहीत. हाड जुळतंय. पण म्हणाल्या, "परत नाही जमणार बहुतेक. त्या फाट्याचा विचार आला तरी तळवे गार पडतात." सुमनबाई म्हणाल्या, "नकोच ती सायकल. विकून टाक."

बारा वर्षं चालवतायत. त्या बारा वर्षांना माझ्या एका आळसाने खीळ घातली. एक फांदी तोडायचा आळस!

१५ जानेवारी, बुधवार

संजना भाकरी थापत होती. वर न बघताच बोलली, "अहो, त्या सकाळी आपली ट्रॉली कुठं होती?"

मी ताट पुढे ओढलं.

"महिना झाला, तुम्ही जेवताना माझ्याकडं बघत नाय. मला काय कळत नाय का?"

सांगितलं सगळं. तिने तव्यावरची भाकरी करपू दिली. मग म्हणाली, "जाऊन सांगा. लय उशीर झालाय, पण सांगा. पोलीस आले तर येऊ द्या."

१९ जानेवारी, रविवार

सायकल धुऊन पुसून, साखळीला तेल देऊन तिच्यावरच बसून गेलो. दारातून आत गेलो आणि उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. ट्रॉली माझी होती. रिफ्लेक्टर नव्हता. तुमचं रक्त बघून मी ट्रॉली घेऊन पळालो. टपरीवर गप्प बसलो. तुमच्या घरचा चहा महिनाभर प्यायलो.

सुमनबाईंनी माझ्यासाठी आणलेला चहा तसाच उचलून आत नेला.

स्नेहलताई खिडकीकडे बघत होत्या. तिकडंच बघत म्हणाल्या, "सायकल ठेवा आणि जा."

"तक्रार द्यायची असेल तर मी येतो पोलीस स्टेशनला."

"जा म्हटलं ना!"

बसने परत आलो.

२० जानेवारी

आज नीट जेवलो. का ते माहीत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

फोन नाही. मीही करत नाही. माफी मिळाली पाहिजे म्हणून सांगितलं नव्हतं, असं स्वतःला बजावतोय. थोडं खोटं आहे ते.

हिरामणकडून जुनी सायकल घेतली. त्यालाही सांगितलं, तो नालायक मीच. हातातला पाना खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सीट खाली हाय तुझी. गुडघे जातील." आणि पाना उचलून सीट वर केली.

सकाळी पारा सहा. बोटं उबदार होती. फाट्यावर थांबलो, उतरलो, रस्त्यावरचं पाचट पायाने कडेला सारलं. आता रोज सारतो.

२७ जानेवारी, सोमवार

दुपारी स्नेहलताईंचा फोन.

"भाऊ, त्या सकाळी माझा दिवा लागलेला नव्हता. आदल्या दिवशी चार्ज करायचा राहिला. अंधार होता, ड्यूटीला उशीर झालेला, तशीच सुटले जोरात. सगळ्यांना सांगितलं, दिवा होता म्हणून. आईलासुद्धा. तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला घालवून दिलं. आज आईला सांगितलं."

मी बांधावर बसलो.

"डॉक्टरांनी परवानगी दिलीय. रविवारी फाट्यापर्यंत येऊन बघणार आहे. उजाडल्यावर. तुम्ही पलीकडून याल का?"