मोहावरचा तिसा

प्रिय वामनभाऊ,

काल तुमच्या तेरवीला सूनबाईंनी तुमची शिकारी पाखरांची वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "रफिकभाई, बाबा सांगून गेले, हे तुमच्याकडंच जाऊ द्या." आज दुकान उघडलंच नाही. वही वाचली, आणि तोंडानं सांगायचं राहून गेलेलं लिहायला बसलो.

सायकलवर दोर न् जाळ्या विकत तुमच्या गावात आलो, तेव्हा मला वाकड्या चोचीचं प्रत्येक पाखरू घारच वाटायचं. तुम्ही मला धानाच्या बांधावर बसवलंत. "नाव मंग ईचार. आधी त्याचं बसणं पाह्य, उडणं पाह्य."

शेपटीत खाच असली की घार. आखूड, गोल पंखांचा, झाडीतून झडप घालणारा शिक्रा. टोकदार पंखांचा ससाणा. आणि खुंटावर गप्प बसून सरडे-उंदीर टिपणारा, पांढऱ्या डोळ्यांचा तिसा.

वहीत तुम्ही त्यांची घराणी पाडलीत. ससाण्याला शिक्र्याचा चुलतभाऊ केलंत. भाऊ, माझी लेक शबाना कॉलेजात शिकली की ससाणा पोपटाच्या जवळचा निघाला. दिसणं सारखं, रक्त वेगळं. हे सांगायला येणारच होतो. चार दिवस थांबला का नाहीत?

पुढचं पान उलटवत नव्हतं. तो उन्हाळा आठवतो ना?

शेवंताबाईच्या कोंबडीची पिल्लं रोज एक-एक कमी होत होती. ती तुमच्या अंगणात येऊन म्हणाली, "भाऊ, मोहाच्या झाडावर घरटं हाये. चोर तोच का?" मोह उंच, तुमची नजर तिथवर पोचत नव्हती आणि कानांनाही लांबचं नीट ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात त्याच झाडातून दोन सुरांची कर्कश हाक आली. तुम्ही माझ्याकडं वळलात. "मले नीट आयकू येत नाई आता. तुया कानावर माया भरोसा हाये. कोन हाये?"

मी गाडीला जाळ्यांचं गाठोडं बांधत होतो. मानही वर केली नाही. म्हणालो, "शिक्रा." शेवंताबाई तेव्हा मुलांना हाका मारत होती; तिला ते तुमच्याच तोंडून कळलं.

शेवंताबाईच्या मुलांनी बांबूनं घरटं पाडलं. एकच पिल्लू होतं. तुम्ही ते ओंजळीत घेतलंत. खाली सरड्यांची शेपटं, उंदरांची हाडकं. "रफिक, कोंबडीचं एक पीस नाई इथी. हा तिसा हाये." जोडी वर घिरट्या घालत होती. आणि तेव्हाच फांदीवरच्या काळ्या कोतवालानं हुबेहूब शिक्र्याची तीच हाक दिली. कोतवाल शिक्र्याची नक्कल करून इतर पाखरांना पळवतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

पिल्लू तुमच्या ओंजळीतच गेलं. शेवंताबाईचा चोर पुढं सापडला, गवताच्या ढिगाखालचं मुंगूस.

"कोन म्हने शिक्रा हाये?" मुलांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच म्हनलो."

मी गप्प का राहिलो, भाऊ? त्या गावात माझं गिऱ्हाईक होतं, एवढंच. तेव्हापासून तुम्हाला कोणी पाखरू विचारायला आलं नाही. बांधावरून जाताना पोरं हाका मारायची, "भाऊ, ही कोंबडी का घार?" तुम्ही हसायचात. मला एकदा तरी शिवी का नाही दिलीत?

काल पंगतीतही शेवंताबाईनं तीच गोष्ट काढली. "मानूस चांगला होता, पन पाखराईतलं त्याले काही समजत नोव्हतं." लोक हसले. मी पत्रावळीकडं पाहत भात कालवत राहिलो. तुमच्याच दारात, तुमच्याच तेरवीला.

आज ते पान उलटवलं. 'तिसा, एक जोडी. मोह. घरटं पाडलं. ओळख चुकली : वामन.' एवढंच. त्या वर्षानंतर जोडी आल्याची नोंद नाही.

तुमच्या अक्षरावर रेघ ओढायचा धीर झाला नाही. खाली माझं नाव लिहिलंय.

उद्या वही घेऊन शेवंताबाईच्या अंगणात जाईन. पोरांनाही बोलवीन आणि ते पान मोठ्यानं वाचीन, माझ्या नावासकट. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे. आणि तेवढ्यात मोहावरून काही ओरडलं, कोणी विचारलं की हे काय, तर भाऊ, आधी मान वर करून पाहीन.

तुमच्या भरवशाचा,
रफिक
सिंदेवाही